पेशंटसोबत कोण आहे?

परदेशात जाऊन नेमकं काय शिकून आलात, असं कुणी विचारलं की माझ्या कपाळाला आठी पडते. विषयाचं नाव सर्व्हिस मॅनेजमेंट. सोपं करून सांगायचं तर माणूस आपल्या दारातून आत आला, की बाहेर पडेपर्यंत त्याला कुठं बसवायचं, त्याच्याशी कोण बोलणार, त्याचा खोळंबा कुठं होतो, अपमान कुठं होतो, याचा आधी विचार करून सगळं मांडून ठेवायचं. एवढं ऐकून माझा फुलंब्रीचा भाऊ म्हणाला, "हे तर लग्नात आपला पांडूतात्या करतोय. त्यासाठी विमान कशाला लागतंय?"

तिथं वर्षभर मी जी चिडचिड केली, ती आयुष्यात कधी केली नव्हती. आणि ज्यांच्यामुळं मला तिथं जायला मिळालं त्यांचे उपकार आठवून ती चिडचिड गिळतही होते. दोन्ही एकदम करायचं म्हणजे लई ताप असतो.

मी संभाजीनगरातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. नववीनंतर शाळा सुटली. दवाखान्यात आया म्हणून लागले, मग केसपेपरच्या खिडकीवर बसले, आणि पुढं आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी मला समजावणीच्या टेबलावर आणलं. हे टेबल काय असतं ते सांगते. डॉक्टर तपासतात, ऑपरेशन सांगतात आणि पेशंट बाहेर येतो. त्याला निम्मं कळलेलं नसतं, उरलेल्या निम्म्याची भीती बसलेली असते. तो माझ्यासमोर येऊन बसतो. त्याला ऑपरेशन काय, किती दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, थेंब कसे घालायचे, हे सगळं मी समजावते. तो हो म्हणाला की तारीख.

पण आपल्याकडं पेशंट एकटा येतो कुठं? जीप भरून येतात. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच, "पेशंटसोबत कोण आहे?" आणि खरं कसब त्याच्या पुढं आहे. आलेल्या घोळक्यात कारभारी कोण, ते ओळखायचं. कारभारी म्हणजे ज्याचा शब्द चालतो तो. फाइल ज्याच्या हातात असते तो नसतो; तो शिकलेला पुतण्या असतो, वाचायला आणलेला. सगळ्यात जास्त बोलणारा तर कधीच नसतो. मी सांगायचं थांबले, की सगळ्यांच्या नजरा आपोआप ज्याच्याकडं वळतात, दाराशी टेकून उभा असलेला, तंबाखू मळणारा, तो कारभारी. त्याला पटलं की काम झालं. बाकीच्यांना सांगत बसाल तर दुपार जाते आणि शेवटी तो म्हणतो, "बघू, घरी जाऊन ठरवू."

यात माझी फसगतही झालेली आहे. एकदा सिल्लोडकडची मंडळी आली होती. दाराशी एक भारदस्त गृहस्थ, पांढरी टोपी, सगळे त्याच्याकडं बघतायत. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याला साग्रसंगीत समजावलं. त्यानं दोन-तीन चांगले प्रश्न विचारले, मान डोलावली, म्हणाला, "करून टाका." मंडळींनी लगेच तारीख घेतली. मागाहून कळलं की तो जीपचा ड्रायव्हर होता. मी घरच्यांना विचारलं, अहो, मग तुम्ही त्याचं ऐकलं कसं? तर म्हातारीचा मुलगा म्हणाला, "त्यानं लई पेशंट आणल्यात हितं. त्याला आमच्याहून जास्त कळतंय." मी कपाळावर हात मारून घेतला. पण ऑपरेशन छान झालं.

तर या कामावर मॅडम खूश होत्या. नोकरी करणाऱ्यांसाठीची एक शिष्यवृत्ती त्यांनी शोधून काढली, उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची. कामाचा अनुभव धरत होते. मुक्त विद्यापीठाची पदवी मी नोकरी सांभाळून घेतलेली होती, तीसुद्धा मॅडमनी मागं लागून. ट्रस्टच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाले, नववीतून शाळा सोडलेल्या बाईला वर्षभराची रजा कशाला, कुणा डॉक्टरला पाठवा. मॅडम म्हणाल्या, "ती नापास झाली तर मी नापास झाले असं समजा. पुन्हा कुणाला पाठवा म्हणून मी तोंड उघडणार नाही." मी बाहेर चहाचे कप गोळा करत होते, मला सगळं ऐकू आलं. ते वाक्य विमानातही माझ्याबरोबर होतं.

तिथं पोहोचल्यावर पहिला वैताग हाक मारण्याचा. आमच्या प्राध्यापक बाईंचं नाव जोन. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, मला मॅडम म्हणायचं नाही, जोन म्हणा. पांढऱ्या केसांच्या बाईला नुसतं जोन कसं म्हणायचं? माझी जीभ वळेना. वर्षभर मी त्यांना हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की त्यांच्या समोर जाऊन उभी राहायचे, त्यांचं लक्ष जाईपर्यंत.

दुसरा वैताग चिकट कागदांचा. रंगीत छोटे कागद असतात, प्रत्येकानं मनात येईल ते त्यावर लिहायचं आणि भिंतीवर चिकटवायचं. तासाच्या शेवटी भिंत अशी दिसायची जशी पोळ्याला बैलाची झूल. मग जोन विचारायच्या, "सुमन, तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटतं हे मला शाळेत कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगितलं तर छडी मिळायची. मी म्हणायचे, बरोबर उत्तर काय आहे ते सांगा, मी पाठ करते. त्या हसून म्हणायच्या, इथं चुकीचं उत्तर नसतंच. आणि पेपरला मार्क मात्र कापायच्या. चुकीचं उत्तर नसतं तर मार्क कशाचे कापले, हे मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, छान प्रश्न आहे. संपलं.

तिसरा वैताग तन्मय. आमच्याच शहरातल्या समर्थनगरचा मुलगा, इंजिनिअर, शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला. माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा. परमुलखात आपलं माणूस भेटलं म्हणून मला रडू यायचं बाकी होतं, आणि त्याला आनंद झाला तो पोळ्यांचा. "काकू, मी काय म्हणतो, प्रोजेक्टला आपण दोघं पार्टनर. इंग्रजी माझं, अनुभव तुमचा." अनुभवात कणीक मळणंही येतं, हे त्यानं तेव्हा सांगितलं नव्हतं. त्याच्या आईचा मला फोन. "सुमनताई, त्याला भाजी खायला लावत जा हो." मी शिकायला आले होते का खानावळ चालवायला, कळेना. पण इंग्रजी त्याचंच होतं, म्हणून गप्प बसले.

प्रोजेक्टवर सगळा निकाल होता. एखाद्या सेवेच्या ठिकाणी जाऊन काही आठवडे निरीक्षण करायचं, लोकांशी बोलायचं आणि सुधारणा सुचवायची. आम्हाला मिळाला एका धर्मादाय संस्थेचा डोळ्यांचा दवाखाना. मला वाटलं, देव पावला. माझं आयुष्य गेलं यात. मॅडमना फोन करून सांगितलं, आता काळजी नाही. तिथल्या व्यवस्थापक हेलनबाईंनी आम्हाला दाराशी उभं राहायला परवानगी दिली. येणाऱ्याचं स्वागत करायचं, बसायची जागा दाखवायची, जाताना दोन प्रश्न विचारायचे.

मी दारात उभी राहिले आणि तोंडातून आपसूक तेच निघालं. "तुमच्यासोबत कोण आहे?"

बहुतेक जण "कोणी नाही" म्हणून आत जायचे. मला ते खरंच वाटेना. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करणार, मग पुढं काही तास उजेड सोसवत नाही, आणि माणूस एकटा कसा येईल? एक म्हाताऱ्या बाई आल्या. कडक इस्त्रीचा कोट, हातात छोटी पर्स. मी विचारलं, सोबत कोण आहे? "कोणी नाही." मला वाटलं माझं इंग्रजी कळलं नाही. म्हणून मी सोपं करून विचारलं, मुलगा? मुलगी? शेजारी? आपल्याकडं आपण असंच उतरत्या भाजणीनं विचारतो ना. त्या बाई माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी डोळे दाखवायला आले आहे." मला त्यांची लई कीव आली. मी म्हणाले, मी बसते तुमच्याजवळ. आणि बसले. त्यांनी पर्स उचलली आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

दुपारी हेलनबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या बाईंनी तक्रार केली होती. हेलनबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं असं, की स्वतःचे डोळे दाखवायला आपल्याला कुणाची तरी परवानगी लागते की काय, असं त्यांना आमच्या दारात वाटलं." उद्यापासून पेशंटशी बोलायचं नाही. कोपऱ्यात बसून बघायचं असेल तर बघा.

बाहेर आल्यावर तन्मयनं डोक्याला हात लावला. "काकू, बात खतम. लोकांशी बोललोच नाही तर लिहायचं काय? दोघंही बसलो घरी."

"मी वाईट काय विचारलं रे? काळजीनंच विचारलं."

"काळजी तुमची, मार्क माझे."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याचं चुकलं नव्हतं हेही कळत होतं. मॅडमना तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार डोक्यात. दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमचं दवाखान्यात तपासणं चालू होतं. मागं कुणीतरी "वर बघा, वर बघा" म्हणत होतं. त्या म्हणाल्या, "तिथं विचारायचं नाही ना? मग नको विचारू. गप्प बसून काय दिसतंय ते लिही. आणि रडायचं असेल तर तिकडं रड, माझी बाहेर रांग लागलीय." फोन ठेवला. मॅडम अशाच आहेत.

मग आम्ही कोपऱ्यात बसून बघितलं. तन्मयनं ते चांगल्या इंग्रजीत लिहिलं. पण त्याआधी जोननी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, तुमच्या दवाखान्यात ही पद्धत कशी आहे ते सांगा. मला बरं वाटलं. घोळका कसा येतो, कारभारी कसा ओळखायचा, नजरा कुठं वळतात, हे मी मोकळेपणानं सांगितलं. ड्रायव्हरचाही किस्सा सांगितला. त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "आणि हे सगळं चालू असताना पेशंट कुठं असतो?"

मी म्हणाले, "असतो की. स्टुलावर."

"काय करत असतो?"

मी आठवून बघितलं. मला एकाही पेशंटचा चेहरा आठवेना. कारभारी झाडून सगळे आठवत होते, त्यांच्या टोप्यांसकट. जोननी कागदावर काहीतरी टिपलं. उत्तर द्यायचं नाही आणि प्रश्न तेवढा गळ्यात बांधून घरी पाठवायचं, ही तिकडची शिकवायची तऱ्हा. मला तिचा राग येतो. वर्षभर आला.

आम्ही पास झालो. काठावर. शेऱ्यात लिहिलं होतं की हा अहवाल प्रत्येक माणूस कुणाचा तरी आहे असं धरून चालतो. तन्मय म्हणाला, यात वाईट काय आहे काकू? मी म्हटलं, तेच तर मी तुला म्हणत होते. मॅडमना कळवलं तर त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "ये."

आल्यावर मी टेबलावर एकच बदल केला. कारभाऱ्याच्या आधी पेशंटला विचारायचं. मॅडम म्हणाल्या, करून बघ. ट्रस्टची मंडळी बघतच होती, बाई काय शिकून आली ते.

पहिले काही आठवडे बरे गेले, कारण पेशंट म्हणायचे, "आमच्या दादाला इचारा," आणि गाडी जुन्या रुळावर यायची. मग गयाबाई आल्या. फुलंब्रीच्या पुढच्या गावच्या. सोबत भाऊ नारायणमामा, वाळूजला कामाला असणारा मुलगा, सून, आणखी दोघं-तिघं. गयाबाईंना काचबिंदू होता. हा वाईट असतो. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर आतून, गुपचूप कमी होत जाते. गेलेली परत येत नाही. ऑपरेशननं आहे तेवढी टिकवता येते, बहुतेक वेळा. थेंबांनी दाब पुरेसा उतरणार नाही, असं मॅडमचं मत होतं.

मामा टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "बोला मॅडम. काय करायचं ते मला सांगा."

मी गयाबाईंकडं वळले. "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

मामा हसले. "तिला काय इचारता? तिला रुपया अन् दोन रुपया वळखू येत न्हाई आता."

"मला इचारताय व्हय?" गयाबाई म्हणाल्या.

मी बाकीच्यांना चहाला पाठवलं. मामा जाईनात, मुलानं नेलं. मग मी गयाबाईंना सगळं समजावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"म्हंजे चिरफाड करून बी येवढंच दिसणार?"

"व्हय आजी. पण आहे ते राहील."

"राहील म्हंता, का राहतंच?"

"बहुतेक राहतं."

"अन् न्हाई केलं तर कवा जाईल?"

"ते सांगता येत नाही."

"तुम्हाला जायचं बी सांगता येत न्हाई अन् राहायचं बी. मग माझा डोळा कशाला फोडता? थेंब द्या. थेंब घालते."

आता माझी पंचाईत. आत्तापर्यंत कारभाऱ्याला मी गुंडाळत आले होते. चार गोष्टी पुढं-मागं करून त्याला हो म्हणायला लावणं मला येतं. पण हिला मी स्वतः विचारलं होतं. मी पुन्हा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही इचारलं का सांगितलं?"

मी तणतणत मॅडमकडं गेले. म्हणाले, ती नाही म्हणतेय, मामाला बोलावते आणि तारीख देऊन टाकते, तिचा डोळा जाईल. मॅडम फाइल वाचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "विचारलंस ना? मग आता ऐक." त्यांनी गयाबाईंना आत घेतलं, स्वतः सगळं सांगितलं. तेच उत्तर. मॅडमनी थेंब लिहून दिले आणि दाब तपासायला लवकर यायला सांगितलं.

नारायणमामा तिथून थेट ट्रस्टच्या एका सदस्याकडं गेले. ते त्यांच्याच भागातले. म्हणाले, ही टेबलावरची बाई पेशंटला फितवते, आमच्या घरात भांडण लावते. बैठकीत मला बोलावलं. सदस्य म्हणाले, "आलेला पेशंट परत पाठवायला शिकून आलात का परदेशातून?" मी मॅडमकडं बघितलं, आणि मला वाटलं, झालं, माझ्यापायी ह्यांचा शब्द गेला.

मॅडम म्हणाल्या, "निकाल माझा, हे मी तेव्हाच सांगितलंय. पेशंटनं नाही म्हटलं, तेही मी लिहून घेतलंय. त्या बाईचा डोळा गेला तर तुमच्याइतकंच मलाही वाईट वाटेल. तरी पुढच्या पेशंटला सुमन विचारणार."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, माझ्यामुळं तुम्हाला..." तर म्हणाल्या, "तो फोन लाव त्या मामांना. तपासायला आली नाही ती अजून."

तेच तर. गयाबाई आल्याच नव्हत्या. मी फोन लावला, मामांनी कापला. दुसऱ्या दिवशी लावला तर शिव्या सोडून सगळं ऐकवलं. पण ठेवता ठेवता म्हणाले, थेंब चालू हायत, तिचा हात कापतो, सकाळ-संध्याकाळ मीच घालतोय. मी फोनचा नाद सोडला नाही. परवा पुन्हा लावला. दाब किती चढला असेल कोण जाणे. मी हातापाया पडून म्हणाले, "मामा, तुम्ही मोठे आहात. तुमचा शब्द चालतो घरात. सोमवारी तिला सरळ गाडीत घाला आणि घेऊन या. विचारत बसू नका."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"आसं कसं," मामा म्हणाले. "थांबा, तिला इचारतो."

मी फोन कानाला लावून बसले. टेबलापुढं रांग वाढत होती, कुणीतरी म्हणत होतं, मॅडम, आमचा नंबर कवाचा लागलाय. बऱ्याच वेळानं मामा परत फोनवर आले.

"मंगळवारी येते म्हणती. निस्तं तपासायला. चिरफाडीचं नाव काढायचं न्हाई, आसं तुम्हाला सांगायला लावलंय तिनं."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार.